अवकाशातून समुद्राची क्षारता: आकडा येतो कुठून?

ठाण्याच्या खाडीचे पाणी वर्षभर सारखेच खारट नसते, हे खाडीकाठी राहणाऱ्या कुणालाही वेगळे सांगावे लागत नाही. मे महिन्यात ऐरोली-वाशीच्या पट्ट्यातले पाणी बऱ्यापैकी समुद्रासारखे असते आणि जुलैत नाल्या-ओढ्यांतून पावसाचे पाणी उतरू लागले की त्याचा खारटपणा झपाट्याने कमी होतो. हा फरक मोजायला फारसे काही लागत नाही. खारजमिनीतली कोळंबीची तळी सांभाळणाऱ्यांकडे हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर असतो. त्याच्या तिरक्या काचेवर पाण्याचे एक-दोन थेंब टाकायचे, वरची झडप मिटायची, उजेडाकडे तोंड करून नळीतून पाहायचे आणि निळा भाग संपून पांढरा भाग जिथे सुरू होतो त्या रेघेवरचा आकडा वाचायचा. हाच आकडा गेली पंधरा वर्षे पृथ्वीवरच्या जवळजवळ सर्व खुल्या समुद्रासाठी, पाण्याला हात न लावता, साधारण सातशे किलोमीटर उंचीवरून काढला जात आहे. तो कसा काढतात, त्यावर किती विश्वास ठेवावा आणि हवामान बदलाच्या अभ्यासकांना तो का हवा असतो, हे या लेखात पाहू.

प्रथम क्षारता म्हणजे काय ते निश्चित करू. एक किलो समुद्राच्या पाण्यात विरघळलेले क्षार सरासरी ३५ ग्रॅम असतात, म्हणून शाळेच्या भूगोलात आपण ‘दर हजारी ३५’ असे शिकतो. यातला मोठा भाग क्लोराइड आणि सोडियम यांचा, म्हणजे आपल्या मिठाचा असतो. बाकीचा भाग सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींचा असतो. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने जगभर फिरून पाण्याचे नमुने आणले. त्यांपैकी ७७ नमुन्यांचे पृथक्करण करून विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये दाखवून दिले, की खारटपणा कमी-जास्त असला तरी या घटकांचे एकमेकांशी असलेले प्रमाण खुल्या समुद्रात जवळपास सगळीकडे तेच राहते. याचा व्यावहारिक फायदा मोठा आहे. प्रत्येक क्षार स्वतंत्रपणे मोजण्याची गरज उरत नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजले, की एकूण क्षारता कळते. १९७८ पासून वापरात असलेले क्षारतेचे व्यावहारिक मापन विद्युतवाहकतेवरच आधारलेले आहे. हा वाहकतेचा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण उपग्रहालाही शेवटी तिचाच आधार घ्यावा लागतो.

हवामानाच्या अभ्यासात या आकड्याचे महत्त्व समजून घ्यायचे तर भांडुप-मुलुंडच्या बाजूची मिठागरे आठवावीत. खाडीचे पाणी बांधात घेतले, ऊन आणि वारा मिळाला, की पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. पिकत आलेल्या आगरात अवेळी पाऊस पडला, तर मीठ कुठे जात नाही, पण त्यात गोडे पाणी मिसळते आणि सगळी मेहनत फुकट जाते. म्हणजे आगरातल्या पाण्याचा खारटपणा हा त्या जागी गेलेल्या बाष्पाचा आणि आलेल्या पावसाचा हिशेब असतो. खुल्या समुद्रातही हाच हिशेब चालतो, फक्त त्यात नद्यांचे पाणी, वितळणारे बर्फ आणि सागरी प्रवाहांनी केलेली वाहतूक यांची भर पडते.

हा हिशेब समुद्रावर मांडणे आवश्यक आहे, कारण जलचक्राचा बहुतांश भाग जमिनीवर घडतच नाही. पृथ्वीवरच्या एकूण बाष्पीभवनापैकी सुमारे ८६ टक्के समुद्रावरून होते आणि एकूण पावसापैकी सुमारे ७८ टक्के समुद्रावरच पडतो. आपली पर्जन्यमापके मात्र कुलाबा, सांताक्रूझ, ठाणे अशी जमिनीवर उभी आहेत. समुद्रावरचा पाऊस मोजणारे वेगळे उपग्रह आहेत, पण ते त्या क्षणी पडत असलेला पाऊस टिपतात, आणि पाऊस ही तासाभरात येऊन जाणारी गोष्ट आहे. क्षारतेत त्या पावसाचा परिणाम आठवडे, कधी महिनेही टिकून राहतो. म्हणूनच जागतिक हवामान निरीक्षणासाठी अत्यावश्यक ठरवलेल्या घटकांच्या यादीत सागरपृष्ठाच्या क्षारतेचा समावेश आहे.

या हिशेबाचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्याच देशाच्या दोन किनाऱ्यांवर सापडते. ठाणे आणि ओडिशातील गोपाळपूर ही गावे जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. ठाण्याच्या पश्चिमेला खुल्या अरबी समुद्रात क्षारता ३६च्या आसपास असते. गोपाळपूरसमोर बंगालच्या उपसागरात पावसाळ्यानंतर ती ३०च्या खाली उतरते. सूर्य तोच, मोसमी वारेही तेच. फरक पाण्याच्या जमाखर्चाचा आहे. अरबी समुद्रातून पावसाच्या मानाने बाष्पीभवन जास्त होते, त्याला मिळणाऱ्या मोठ्या नद्या थोड्या आहेत आणि तांबड्या समुद्राचे व पर्शियन आखाताचे अतिखारट पाणी खालून येऊन मिसळते. उलट, बंगालच्या उपसागरावर पाऊस उदंड पडतो आणि गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी, कृष्णा या नद्या आपले पाणी त्यात ओततात. गोदावरी आपल्या त्र्यंबकेश्वरला, अरबी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उगम पावते आणि सगळे पाणी पूर्वेकडे नेते, हीसुद्धा या विषमतेतली एक छोटीशी नोंद.

पृथ्वी तापली तर या हिशेबाचे काय होईल? उष्ण हवेत अधिक बाष्प मावते. दर अंश सेल्सिअसमागे साधारण सात टक्के अधिक. त्यामुळे जिथून बाष्पीभवन जास्त होते तिथून ते आणखी वाढावे आणि जिथे पाऊस जास्त पडतो तिथे तो आणखी पडावा, अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा क्षारतेच्या भाषेत मांडली तर खारट भाग अधिक खारट आणि कमी खारट भाग अधिक गोडे होत गेले पाहिजेत. जहाजांनी आणि तरंगत्या उपकरणांनी १९५० ते २००० या काळात घेतलेल्या नोंदींचे विश्लेषण पॉल ड्युरॅक आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात नेमके असेच आढळले. त्यांच्या अंदाजानुसार त्या पन्नास वर्षांत जागतिक जलचक्र सुमारे चार टक्क्यांनी तीव्र झाले, आणि ते पृष्ठभागाचे तापमान केवळ अर्ध्या अंशाने वाढले असताना. त्या वेळच्या संगणकीय प्रारूपांनी सांगितलेल्या वेगापेक्षा हा वेग जवळपास दुप्पट होता. असे निष्कर्ष काढण्यासाठी जहाजांच्या विखुरलेल्या नोंदी अपुऱ्या पडतात. दक्षिण गोलार्धातल्या कित्येक भागांवरून वर्षानुवर्षे एकही संशोधन जहाज गेलेले नसते. सर्व समुद्र दर काही दिवसांनी पाहू शकणारे साधन हवे होते, आणि ते उपग्रहाखेरीज दुसरे असू शकत नव्हते.

आता मुख्य प्रश्न. उपग्रहाला पाण्यातले मीठ दिसते, असा समज असेल तर तो बाजूला ठेवावा. कॅमेऱ्याने टिपलेल्या रंगीत चित्रात ३० क्षारतेचे आणि ३६ क्षारतेचे पाणी सारखेच निळे दिसते. उपग्रह टिपतो तो समुद्राने स्वतःहून बाहेर टाकलेला अत्यंत क्षीण रेडिओ संकेत. शून्याहून अधिक निरपेक्ष तापमान असलेली प्रत्येक वस्तू सर्व तरंगलांब्यांवर थोडे-फार प्रारण उत्सर्जित करते, समुद्रही करतो. पण २१ सेंटीमीटर तरंगलांबीच्या आसपास पाणी फार वाईट उत्सर्जक आहे. तापमान ३०० केल्विन, म्हणजे सुमारे २७ अंश सेल्सिअस असलेला समुद्र वरून पाहणाऱ्या रेडिओमीटरला, म्हणजे असा क्षीण संकेत मोजणाऱ्या उपकरणाला, जेमतेम १०० केल्विनचा वाटतो, कारण त्याच्या उत्सर्जनक्षमतेचा आकडा एक-तृतीयांशाच्या आसपास आहे. या भासमान तापमानाला आपण पुढे ‘रेडिओ-तापमान’ म्हणू.

क्षारतेचा संबंध येथे येतो. पाण्यात क्षारांचे आयन जितके अधिक, तितकी त्याची विद्युतवाहकता अधिक. वाहकता जितकी अधिक, तितका पृष्ठभाग रेडिओ लहरी जास्त परावर्तित करतो आणि स्वतः कमी उत्सर्जित करतो. म्हणजे तापमान तेच असताना खारट पाणी उपग्रहाला किंचित थंड भासते आणि कमी खारट पाणी किंचित उबदार. हा परिणाम कमी वारंवारतेवरच दिसतो. उपग्रहांवरील बहुतेक सूक्ष्मलहरी उपकरणे ज्या वारंवारतांवर चालतात, तिथे तो नाहीसा होतो. वारंवारता आणखी कमी केली तर क्षारतेचा परिणाम वाढेल, पण अँटेना अवाढव्य लागेल आणि आकाशगंगेचा रेडिओ गोंगाटही वाढेल. म्हणून १.४ गिगाहर्ट्झच्या, म्हणजेच २१ सेंटीमीटर तरंगलांबीच्या आसपासचा पट्टा, ज्याला एल-बँड म्हणतात, हा तडजोडीचा बिंदू ठरला. १९७३ मध्ये ‘स्कायलॅब’ या अवकाशस्थानकावर या पट्ट्यातला एक रेडिओमीटर होता, आणि त्यावरून ही कल्पना निदान अशक्य नाही एवढे दिसून आले होते.

अशक्य नाही, पण किती अवघड, ते आकड्यांवरून पाहावे. आपल्याकडच्या उबदार समुद्रात क्षारता एका एककाने, म्हणजे दर हजारी एकाने, बदलली तर रेडिओ-तापमान सुमारे ०.७ केल्विनने बदलते. खुल्या समुद्रातली क्षारता बहुतेक ठिकाणी ३२ ते ३७ या मर्यादेत राहते, म्हणजे सगळ्या जगातला फरक अवघ्या तीन-चार केल्विनमध्ये मावतो. हवामान अभ्यासासाठी ०.२ एककाचा बारकावा हवा असतो, म्हणजे १०० केल्विनच्या संकेतातला सुमारे ०.१४ केल्विनचा बदल ओळखता आला पाहिजे. दरम्यान समुद्रावरचा वारा सेकंदाला एका मीटरने वाढला, तर लाटा आणि फेस यांमुळे रेडिओ-तापमान ०.२ ते ०.३ केल्विनने वाढते. वाऱ्याच्या वेगात इतकीशी चूक झाली, तरी हव्या असलेल्या संपूर्ण बारकाव्यापेक्षा मोठी गफलत होते. माझ्या मते या सगळ्या तंत्राचे मर्म येथे आहे: क्षारतेचा आकडा मोजला जात नाही, इतर सर्व परिणाम एकेक करून वजा केल्यावर जे उरते त्यातून तो काढला जातो. वजाबाकी जितकी चोख, तितका आकडा खरा.

वजाबाकीची यादी लांबलचक आहे. पाण्याचे प्रत्यक्ष तापमान इतर उपग्रहांकडून घ्यावे लागते. वाऱ्यासाठी एखादे रडार किंवा हवामानाच्या प्रारूपांतली वाऱ्याची माहिती वापरावी लागते. समुद्र आरशासारखा आकाशही परावर्तित करतो, त्यामुळे आकाशगंगेच्या तेजस्वी पट्ट्यातून येणारे रेडिओ प्रारण पाण्यावरून उलटून उपग्रहाकडे पोहोचते, आणि ते कुठल्या महिन्यात कुठे पडेल याचे नकाशे आधी तयार ठेवावे लागतात. सूर्य तर रेडिओ पट्ट्यातही इतका प्रखर आहे, की त्याच्या परावर्तनाचा भाग बहुधा टाकूनच द्यावा लागतो.

यात आयनांबराची एक वेगळी अडचण आहे. पृथ्वीभोवतीच्या या विद्युतभारित थरातून जाताना आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या प्रभावामुळे रेडिओ लहरींचे ध्रुवण, म्हणजे त्यांच्या कंपनाची दिशा, फिरते. आडव्या आणि उभ्या ध्रुवणातल्या रेडिओ-तापमानात मोठा फरक असल्यामुळे ही दिशा थोडीही फिरली, तर हिशेब बिघडतो. आयनांबर आणि भूचुंबकत्व या दोन्हींचा अभ्यास नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत चालतो, पण तो समुद्राच्या खारटपणालाही लागू पडेल अशी कल्पना तिथून रोज ये-जा करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना असेल. आयनांबरातले इलेक्ट्रॉन पहाटेच्या सुमारास सर्वांत कमी असतात. आतापर्यंतच्या तिन्ही प्रमुख उपग्रहांच्या कक्षा स्थानिक वेळेनुसार सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास वरून जाण्यासाठी आखल्या गेल्या, त्यामागे हे एक महत्त्वाचे कारण होते.

आणि माणसाचा गोंगाट आहेच. १,४०० ते १,४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा आंतरराष्ट्रीय नियमांनुसार राखीव आहे, त्यात कुणीही प्रक्षेपण करायचे नसते. हे संरक्षण मुळात समुद्रासाठी मिळालेले नव्हते. अवकाशातल्या हायड्रोजनचा नैसर्गिक संकेत १,४२० मेगाहर्ट्झवर येतो, म्हणून रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी तो पट्टा मोकळा ठेवून घेतला होता. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीणही या संकेताचा अभ्यास करते. क्षारतामापक उपग्रहांना हा शांत पट्टा आयता मिळाला. प्रत्यक्षात तो तितका शांत निघाला नाही. २००९ मध्ये युरोपचा ‘स्मॉस’ हा क्षारतामापक उपग्रह वर जाताच युरोप आणि आशियातून अनेक बेकायदा किंवा गळक्या प्रक्षेपकांचे संकेत त्यात उमटू लागले, आणि त्या त्या देशांच्या यंत्रणांना कळवून ते बंद करवून घेण्याचे काम वर्षानुवर्षे करावे लागले. आशियाच्या बऱ्याच किनाऱ्यांजवळच्या सुरुवातीच्या नोंदी यामुळे खराब झालेल्या आहेत.

आता उपग्रहांकडे वळू. अँटेनाचा आकार हा यातला सर्वांत कळीचा प्रश्न आहे. लहरीची लांबी २१ सेंटीमीटर आणि उंची सुमारे सातशे किलोमीटर असल्यावर एक किलोमीटरचा बारीक ठिपका वेगळा ओळखायचा, तर दीडशे-दोनशे मीटर व्यासाची अँटेना लागेल. तशी अँटेना कुणी अवकाशात नेलेली नाही. युरोपीय अवकाश संस्थेच्या ‘स्मॉस’ने, जो २ नोव्हेंबर २००९ रोजी रशियातून सोडण्यात आला, या अडचणीवर रेडिओ दुर्बिणींची युक्ती वापरली. एका मोठ्या थाळीऐवजी इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर ६९ लहान ग्राहक बसवले आणि त्यांच्या संकेतांची एकमेकांशी सांगड घालून मोठ्या अँटेनाइतके बारीक चित्र मिळवले. खोडदच्या ३० थाळ्यांची मांडणीही मध्यवर्ती समूह आणि ‘वाय’च्या तीन भुजा अशीच आहे, फक्त तिथे प्रत्येक थाळी ४५ मीटरची असून भुजा कित्येक किलोमीटर लांब आहेत. स्मॉसचा ठिपका ३५ ते ५० किलोमीटरचा असतो.

अमेरिकेच्या नासाने १० जून २०११ रोजी अर्जेंटिनाच्या उपग्रहावरून ‘अक्वेरियस’ हे उपकरण पाठवले. त्याचा ठिपका शंभर-दीडशे किलोमीटरचा, म्हणजे मोठा होता. पण त्यावर रेडिओमीटरच्या शेजारीच लाटांचा खडबडीतपणा मोजणारे रडार बसवलेले होते, त्यामुळे वाऱ्याची वजाबाकी त्याच क्षणी, त्याच जागी करता येत असे. केवळ क्षारतेसाठी विचारपूर्वक आखलेले असे ते उपकरण होते, आणि जून २०१५ मध्ये उपग्रहाच्या वीजपुरवठ्यात बिघाड होऊन ते बंद पडले. त्याआधी ३१ जानेवारी २०१५ रोजी नासाचा ‘स्मॅप’ वर गेला होता. त्याचे मूळ काम जमिनीतला ओलावा मोजण्याचे. सहा मीटरची जाळीदार अँटेना मिनिटाला सुमारे १४ फेऱ्या घेत फिरते आणि एक हजार किलोमीटर रुंदीचा पट्टा पाहते. जुलै २०१५ मध्ये त्याचे रडार निकामी झाले, रेडिओमीटर मात्र उत्तम चालू राहिला. ओलावा मोजण्यासाठी गेलेला, एक उपकरण गमावलेला हा उपग्रह आज क्षारतेच्या नकाशांचा मोठा आधार आहे. नियोजनात नसलेले असे उपयोग अवकाश विज्ञानात वारंवार दिसतात.

येथे एक गैरसमज दूर करणे बरे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या भारत-अमेरिका संयुक्त ‘निसार’ उपग्रहावरही एल-बँडचे उपकरण आहे, त्यामुळे तोही क्षारता मोजतो असे कुणाला वाटेल. निसारवर आहे ते रडार. ते स्वतः संकेत पाठवते आणि परत आलेला प्रतिध्वनी वाचते. क्षारतेसाठी काहीही न पाठवता समुद्राचा स्वतःचा क्षीण संकेत टिपणारा रेडिओमीटर लागतो. बँड एकच असला तरी काम निराळे.

मग ठाण्याच्या खाडीची क्षारता या उपग्रहांना कळते का? नाही, आणि न कळण्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. स्मॅपचा चाळीस किलोमीटरचा एक ठिपका ठाण्यावर ठेवला, तर त्यात जवळपास वसईपासून कल्याणपर्यंत आणि दक्षिणेला बेलापूरपर्यंतचा सगळा प्रदेश येतो. येऊरचे जंगल, भिवंडीची गोदामे, लोकवस्ती, आणि कुठेतरी मध्ये खाडीची अरुंद पट्टी. जमिनीचे रेडिओ-तापमान २६० केल्विनच्या आसपास, समुद्राचे १००. समजा उपग्रह किनाऱ्यापासून बराच दूर पाहत आहे आणि त्याच्या अँटेनात केवळ एक टक्का ऊर्जा जमिनीवरून झिरपत आहे. तेवढ्यानेही संकेत १.६ केल्विनने वाढतो, आणि ०.७ने भागले, तर क्षारता दोन एककांहून अधिक कमी दाखवली जाते. किनाऱ्याजवळ नकाशात दिसणारे ‘गोडे पाणी’ म्हणूनच संशयाने पाहावे. ही चूक कमी करणाऱ्या दुरुस्त्या आहेत, पण किनाऱ्याला लागून असलेले पहिले तीस-चाळीस किलोमीटर बहुधा नकाशात रिकामेच ठेवलेले असतात. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलेल्या या खाडीची क्षारता जाणून घ्यायची असेल, तर अजूनही होडीतून जाऊन पाणीच भरून आणावे लागते.

खुल्या समुद्रातही उपग्रहाला एकट्याला सोडून चालत नाही. तेथे त्याचा आकडा ताडून पाहण्याचे काम प्रामुख्याने ‘आर्गो’ची तरंगती उपकरणे करतात. जगभर सुमारे चार हजार आर्गो पाण्यात आहेत. प्रत्येक जण साधारण दहा दिवसांतून एकदा दोन हजार मीटर खोल जाऊन वर येताना तापमान आणि वाहकता मोजतो आणि वर आल्यावर नोंदी उपग्रहामार्फत पाठवतो. भारताच्या वतीने हे काम हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेकडे आहे. आर्गोची नोंद अचूक असते, पण दोन उपकरणांमध्ये सरासरी तीनेकशे किलोमीटरांचे अंतर असते. उपग्रहाची व्याप्ती अफाट असते, पण त्याच्या एका फेरीतल्या एका ठिपक्याची चूक अर्ध्या एककापासून एक एककापर्यंत सहज जाते. महिनाभरातल्या अनेक फेऱ्यांची आणि आसपासच्या ठिपक्यांची सरासरी घेतली, की यातल्या यादृच्छिक चुका एकमेकींना बऱ्याच अंशी काटतात आणि ०.२चे लक्ष्य आवाक्यात येते. त्यामुळे एखाद्याने उपग्रहाचा एका दिवसाचा, एका जागेचा आकडा पुढे करून ठाम विधान केले, तर ते मनावर घेऊ नये.

दोघांची तुलना करतानाही सावध राहावे लागते, कारण दोघे एकच पाणी मोजत नसतात. एल-बँडचा संकेत पाण्याच्या वरच्या सुमारे एक सेंटीमीटर थरातून येतो, तर बहुतेक आर्गो पृष्ठभागाखाली सुमारे पाच मीटरवर पंप थांबवतात, म्हणजे वरचा तेलकट मळ संवेदकात जाऊ नये. वारा पडलेला असताना जोराची सर आली, तर गोडे पाणी काही काळ वरच तरंगत राहते. उपग्रहाला ते दिसते आणि आर्गोला पत्ताही लागत नाही. अशा वेळी दोन आकड्यांतला फरक ही चूक मानायची की पावसाची खूण, हे प्रत्येक प्रसंगी पाहून ठरवावे लागते.

इतक्या खटाटोपातून काय मिळाले, याचे उत्तर पुन्हा बंगालच्या उपसागरातच चांगले मिळते. पावसाळा संपता संपता नद्यांचे कमी खारट पाणी भारताच्या पूर्व किनाऱ्याला लागून एका अरुंद पट्ट्यात दक्षिणेकडे वाहू लागते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना ठरावीक दिवसांनी बाटल्यांत पाणी भरून ठेवायला सांगितले, त्या नमुन्यांतून या ‘समुद्रातल्या नदी’चे चित्र उभे राहिले, आणि २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. ही पट्टी जेमतेम शंभर किलोमीटर रुंद असल्यामुळे अक्वेरियससारख्या जाड ठिपक्याच्या उपकरणाला ती नीट पकडता येत नव्हती; स्मॅपच्या नकाशांत ती पुढे सरकताना दिसते. हिवाळ्यात हे पाणी श्रीलंकेला वळसा घालून आपल्या बाजूला, केरळ-कर्नाटकसमोरच्या समुद्रातही येते.

हे कमी खारट पाणी हलके असल्यामुळे वर पातळ थर करून राहते, आणि त्याच्याखाली उबदार पण अधिक खारट पाण्याचा आणखी एक थर अडकतो. या थराला अवरोधक थर म्हणतात. एरवी चक्रीवादळ समुद्र घुसळते, खालचे थंड पाणी वर येते आणि वादळाची ऊर्जा काही अंशी त्यामुळेच कमी होते. अवरोधक थर असला, की घुसळूनही वर येते ते उबदार पाणीच, आणि वादळाला बळ मिळत राहते. समुद्राचे तापमान पाहून हे समजत नाही, क्षारताही माहीत असावी लागते. वादळांच्या आणि मोसमी पावसाच्या अंदाजासाठी चालणाऱ्या सागरी प्रारूपांत म्हणूनच उपग्रहांच्या क्षारतेचा समावेश करण्याचे प्रयत्न होत आहेत.

ध्रुवांकडे मात्र हे तंत्र अडखळते. उत्तर अटलांटिकमध्ये खारट, थंड आणि म्हणून जड झालेले पाणी खोल बुडते आणि त्यावर जगभरच्या सागरी अभिसरणाचा मोठा भाग अवलंबून आहे. ग्रीनलँडचे बर्फ वितळून तिथे गोडे पाणी मिसळत गेले तर हे बुडणे मंदावेल, अशी चिंता आहे, त्यामुळे तिथल्या क्षारतेवर बारीक नजर हवी. पण शून्य अंशाजवळच्या पाण्यात एका एककामागे रेडिओ-तापमानात ०.३ केल्विनच्या आसपासच फरक पडतो, म्हणजे उबदार समुद्राच्या निम्म्याहूनही कमी. त्यात वारे जोराचे आणि तरंगते बर्फ पुन्हा जमिनीसारखे उजळ. ज्या समुद्राची काळजी सर्वांत जास्त, तिथेच उपग्रहाचा आकडा सर्वांत कच्चा आहे.

याहून मोठी काळजी नोंदी अखंड राहण्याची आहे. हवामानातला कल ओळखायला दशकांची सलग मालिका लागते. स्मॉस आणि स्मॅप हे दोन्ही उपग्रह मुळात तीन वर्षांच्या कामासाठी आखलेले होते आणि त्यांनी ती मुदत केव्हाच ओलांडली आहे. त्यांच्या आणि अक्वेरियसच्या नोंदी जुळवून २०१० पासूनची एकत्र मालिका युरोपीय अवकाश संस्थेच्या हवामान प्रकल्पात तयार करण्यात आली आहे. चीनने नोव्हेंबर २०२४ मध्ये क्षारतेसाठी स्वतःचा उपग्रह सोडला आणि युरोपच्या आगामी ‘सिमर’ उपग्रहावर १.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ठेवलेला आहे. नवा उपग्रह केवळ वेळेवर जाऊन भागत नाही, जुना चालू असतानाच तो जावा लागतो, कारण दोन उपकरणांच्या आकड्यांत थोडा कायमचा फरक असतोच आणि तो दोघांनी एकच समुद्र एकाच काळात पाहिला तरच मोजता येतो. अक्वेरियस बंद पडला तेव्हा स्मॅपच्या नोंदी सुरू होऊन जेमतेम दोन-तीन महिने झाले होते. स्मॉस तेव्हा दोघांसोबत चालू होता, म्हणून त्या सांध्याची पडताळणी करता आली.